कठिन, पट आणि पाचर

‘कठिन’ हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर वर्षावासानंतरचे चीवरदान उभे राहते. आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा या महिनाभरात विहारांतून कठिन चीवरदानाचे कार्यक्रम होतात, महावग्गातील कठिनक्खन्धकावर प्रवचने होतात, आणि शब्दाचा अर्थ तेथेच संपला असे आपण मानतो. परंतु विनयपिटकात याच शब्दाला दुसरा, हाताला लागणारा अर्थ आहे. चुल्लवग्गाच्या पाचव्या खन्धकात, म्हणजे खुद्दकवत्थुक्खन्धकात, ‘कठिन’ म्हणजे वस्त्र ताणून धरण्याचे साधन होय. त्यात लाकडाची चौकट असते, तिच्यावर पसरायची चटई असते आणि बांधायची दोरी असते. भिक्खू या साधनावर कापड ताणून चीवर शिवीत असत.

या अर्थाकडे माझे लक्ष गेले त्याचे निमित्त मात्र ग्रंथालयातले नव्हते. काही वर्षांपूर्वी परिचयाच्या एका विहारातून बोलावणे आले. तेथील उपासकांनी वर्गणी काढून धम्मचक्कप्पवत्तनाचे सहा फूट रुंद व चार फूट उंच असे तैलचित्र करवून घेतले होते. त्याखालच्या पट्टीवरील पाली ओळ शुद्ध आहे की नाही एवढेच मला पाहायचे होते. ओळ शुद्ध होती. चित्र मात्र बिघडले होते. खालच्या बाजूस कॅनव्हासला पोट सुटले होते, डावा कोन भिंतीपासून बोटभर पुढे आला होता, आणि पंचवर्गीय भिक्खूंच्या आकृत्यांवरून एक सरळ उभी रेघ गेली होती. चित्रकाराने ती काढलेली नव्हती. चित्र लावून दोनच पावसाळे झाले होते. समितीतील एक उपासिका म्हणाल्या, “सर, रंगच हलका वापरला असणार.” मलाही तसेच वाटले. चित्र उतरवून मागची बाजू पाहिल्यावर दोष रंगाचा नाही, लाकडाचा आहे, हे उघड झाले. चौकट ओल्या आंब्याच्या लाकडाची होती आणि कोन खिळे ठोकून पक्के केलेले होते. मधली उभी पट्टी कॅनव्हासला चिकटून बसली होती. चित्रावरची रेघ तिचीच होती.

त्या रात्री परत येऊन चुल्लवग्ग उघडला. त्यातील हकीकत मी अनेकदा शिकवली होती. सुताराच्या नजरेने ती प्रथमच वाचली.

प्रारंभी भिक्खू जमिनीत ठिकठिकाणी खुंट्या ठोकून, त्यांना कापड बांधून चीवर शिवीत. त्यामुळे चीवराचे कोन वेडेवाकडे होत. ही अडचण भगवंतांना कळविण्यात आली तेव्हा त्यांनी कठिनाची आणि कठिनरज्जूची, म्हणजे चौकटीची आणि दोरीची अनुज्ञा दिली. दोरीने जागोजागी बांधून मग शिवावे, अशी ही व्यवस्था. पुढे एकेक अडचण येत जाते व एकेक नियम होत जातो. उंचसखल जागी कठिन पसरले तर ते मोडते, म्हणून तसे पसरणाऱ्यास दुक्कटाची आपत्ती. जमिनीवर ठेवले तर धूळ लागते, म्हणून खाली गवताचे अंथरूण. कडा झिजू लागल्या तेव्हा कडेला पट्टी लावण्याची अनुज्ञा मिळाली. न धुतलेल्या पायांनी, ओल्या पायांनी किंवा वहाणा घालून कठिनावर पाय द्यायचा नाही. शिवून झाल्यावर साधन तेथेच टाकून भिक्खू निघून जात आणि उंदीर व वाळवी ते खात. तेव्हा ते गुंडाळून ठेवावे असे ठरले. नुसते गुंडाळताना ते मोडू लागले, म्हणून आत दांडा घालून गुंडाळावे. अट्ठकथेनुसार हा दांडा बांबूचा किंवा लाकडाचा. ते उलगडू लागले, म्हणून बांधायला दोरी. भिंतीला किंवा खांबाला टेकवून ठेवलेले पडून मोडले, म्हणून भिंतीतील खुंटीला टांगावे.

या नियमांकडे पुष्कळ आधुनिक वाचक कंटाळून पाहतात. दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्याने खुंटी आणि दोरी यांत लक्ष घालावे, याचे त्यांना नवल वाटते. मला उलट वाटते. संघाची वस्तू कोणाच्या खाजगी मालकीची नसते, आणि जी वस्तू सर्वांची असते तिची आबाळ सर्वांत आधी होते. विनयातील हे नियम त्या आबाळीवरचा उपाय आहेत.

एक अडचण तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चौकट एका मापाची आणि भिक्खू वेगवेगळ्या उंचीचे, त्यामुळे चीवर चौकटीशी जुळेना. तेव्हा दण्डकठिन, विनन्धनरज्जू आणि विनन्धनसुत्तक यांची अनुज्ञा मिळाली. हे शब्द नुसते वाचून उलगडत नाहीत. परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या समन्तपासादिका या पाचव्या शतकातील अट्ठकथेने ते उलगडून दाखविले आहेत. तिच्यानुसार कठिन म्हणजे ‘निस्सेणि’, शिडीसारखी चौकट. (कोकणात शिडीला अजूनही ‘निसण’ म्हणतात, पाली शब्द कोठे जिवंत राहील याचा नेम नाही.) मोठ्या निस्सेणीच्या मध्ये भिक्खूच्या मापाची दुसरी लहान निस्सेणि बसवायची. रज्जूने लहान चौकट मोठीला बांधायची आणि सुत्तकाने, म्हणजे दोऱ्याने, चीवर लहान चौकटीला बांधायचे. कापड लाकडाला खिळलेले नाही, आणि आतली चौकटही बाहेरच्या चौकटीला खिळलेली नाही. दोन्हीकडे दोरा आहे. तो सोडता येतो आणि पुन्हा आवळता येतो.

हीच रचना शेकडो वर्षांनंतर हिमालयाच्या पलीकडे चित्रकाराच्या हातात दिसते. तिबेटी थांगका रंगविण्यासाठी सुती कापड घेतात आणि त्याच्या चारही कडा बारीक काठ्यांना शिवून टाकतात. मग या काठ्यांभोवतीच्या मोठ्या लाकडी चौकटीला दोरी नागमोडी ओवून कापड ताणले जाते. त्यावर सरस व खडू यांचे अस्तर चढवून ते गुळगुळीत दगडाने घोटतात आणि नंतर रंगकाम सुरू होते. अस्तर ओले असताना कापड सैल पडते, वाळताना आवळते; प्रत्येक वेळी दोरी ओढून ताण सारखा करावा लागतो. चित्र पूर्ण झाले की ते चौकटीतून सोडवून जरीच्या कापडात बसवतात, वर व खाली दांडे घालतात आणि गुंडाळून नेतात. लहान चौकट दोऱ्याने, मोठी दोरीने, आणि शेवटी दांड्याभोवती गुंडाळी! थांगकाची चौकट कठिनापासूनच निघाली असे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही, आणि केवळ साम्यावरून वंशावळ मांडण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. परंतु कापड आणि हवा यांच्याशी गाठ पडलेल्या दोन हातांनी एकच उत्तर काढले, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

पटावर बुद्धप्रतिमा रंगविण्याची कल्पना आपल्या वाङ्मयात जुनीच आहे. दिव्यावदानातील रुद्रायणाची कथा प्रसिद्ध आहे. राजा बिंबिसाराला रोरुकच्या रुद्रायणाकडे भेट पाठवायची होती. चित्रकारांना तथागतांचे रूप पटावर उतरविता येईना, तेव्हा भगवंतांनी पटावर आपली छाया पाडली आणि तिच्या रेषेत रंग भरण्यात आले. तो पट कशावर ताणला होता हे कथाकार सांगत नाही. सैल कापडावर छाया सरळ पडत नाही, एवढेच वाचकाने मनाशी धरावे.

युरोपात कॅनव्हासचा प्रसार झाला त्याची कारणेही हवेशी निगडित आहेत. व्हेनिसच्या खाऱ्या, दमट हवेत भिंतीवरील ओल्या गिलाव्यातील चित्रे टिकत नसत आणि मोठ्या लाकडी फळ्यांवरील चित्रे जड होत व वाकत. शिडाचे कापड मात्र त्या बंदरात मुबलक मिळे. सोळाव्या शतकापर्यंत तेथे मोठी चित्रे कापडावर होऊ लागली होती. कापडाचा मोठा गुण असा की ते चौकटीवरून सोडवून गुंडाळता येते आणि दूरवर पाठविता येते. पण त्या चौकटी कोन पक्के केलेल्या होत्या. कापड सैल पडले की चुका काढून ते पुन्हा ताणण्यावाचून इलाज नसे, आणि दर वेळी कडेला नवी भोके पडत. अठराव्या शतकाच्या मध्यास यावर युक्ती निघाली. एका पट्टीच्या टोकाला जीभ आणि दुसरीच्या टोकाला खाच करून कोन न चिकटविता नुसता बसवायचा, आणि आतल्या बाजूने लाकडाच्या पातळ पाचरी घालायच्या. पाचर हलकेच ठोकली की कोन किंचित उघडतो आणि सगळे कापड ताणले जाते. चुकांना हात लावावा लागत नाही. चित्रकार या चौकटीला ‘स्ट्रेचर’ म्हणतात. जे काम कठिनावर दोरी करीत होती ते येथे पाचर करते.

ही विद्या आपल्या लेण्यांपर्यंत पोहोचली ती अजिंठ्याच्या प्रतिकृतींच्या निमित्ताने. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली या कामावर नेमणूक झाली. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तैलरंगात कॅनव्हासवर केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्यास जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशा भारतीय विद्यार्थ्यांच्या हातून १८८५ पर्यंत सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. त्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत शंभरांहून अधिक चित्रे नष्ट झाली. ऱ्हिस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांच्या विनय-भाषांतराचा चुल्लवग्ग पूर्ण करणारा खंड याच वर्षी प्रसिद्ध झाला. कठिनाच्या चौकटीचे वर्णन इंग्रजी वाचकांपुढे आले त्या वर्षी चौकटींवरचा अजिंठा जळत होता. हा केवळ योगायोग, पण मनातून जात नाही.

या प्रतिकृतींपैकी १६६ आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांचे महत्त्व दुय्यम समजू नये. भिंतीवरचे जे तपशील मागील सव्वाशे-दीडशे वर्षांत गळून गेले, त्यांतील काही आता या कापडांवरच पाहावयास मिळतात. मूळ चित्र दगडाला धरून होते. त्याची साक्ष मात्र चार पट्ट्यांवर ताणलेल्या किंवा दांड्याभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या हवाली झाली. आगीपुढे कोणत्याही लाकडाचा इलाज नाही. पण जे आगीतून वाचले ते पुढे सैल पडणे, सुरकुतणे, कडेने फाटणे अशा संथ नाशाला सामोरे जाते, आणि त्या नाशात मागच्या लाकडाचा वाटा मोठा असतो.

आता विहारातील चित्राकडे परत येतो. चित्रकार हयात होते आणि ते स्वतः आले. त्यांच्यावाचून कॅनव्हास उतरविण्याचे धाडस आम्ही केले नसते. नवी चौकट कोणत्या लाकडाची करायची यावर बराच खल झाला. लाकूड उभ्या रेषेत, म्हणजे लांबीत, फारसे कमीजास्त होत नाही. रुंदीत मात्र ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ओले लाकूड वाळताना पिळतेही. म्हणून जातीपेक्षा आधी वाळवण पाहावी, हे मिस्त्रींचे म्हणणे मला पटले. पाईनचे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि कापायला सोपे. भट्टीत वाळवलेले असेल तर लहान चित्राला ते पुरेसे आहे. मात्र त्यात गाठ असेल तर पट्टी नेमकी गाठीपाशी वाकते, आणि वाळवीला ते फार आवडते. बाभूळ जड आणि हट्टी. आंब्याचा अनुभव आम्ही घेतलाच होता. साग कमी हलतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण तो गाभ्याचा असावा, कडेच्या पांढरट भागाला किडा लागतो. दोष एवढाच की तो महाग आणि वजनदार. अखेर पाडलेल्या एका जुन्या वाड्याचे सागाचे वासे मिळाले. कित्येक वर्षे वाळलेले ते लाकूड आता आणखी पिळण्याची भीती नव्हती. जुने खिळे काढण्यात मात्र मिस्त्रींची एक करवत कामी आली.

पट्टी अडीच इंच रुंद व सव्वा इंच जाड ठेवली. सहा फुटांच्या लांबीवर याहून बारीक पट्टी कापडाच्या ओढीनेच आत कमानते. ते पहिल्या दिवशी दिसत नाही, वर्षभराने दिसते. पट्टीचा पुढचा पृष्ठभाग बाहेरच्या कडेपासून आत उतरता केला, म्हणजे कॅनव्हास केवळ बाहेरच्या धारेवर टेकतो आणि उरलेल्या लाकडापासून सुटा राहतो. जुन्या चौकटीत नेमकी हीच गोष्ट केलेली नव्हती. सपाट पट्टीला कापड टेकले की टेकलेला भाग आणि मोकळा भाग हवेला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि दोहोंच्या सीमेवर रंगात रेघ उमटते. भिक्खूंच्या आकृत्यांवरची रेघ तशीच उमटली होती. ती पूर्णपणे कधीच जाणार नाही, असे चित्रकारांनी सांगितले. ती पुसट झाली एवढेच.

साधारण साडेतीन फुटांहून लांब बाजू असेल तर मध्ये आडपट्टी हवी, असा चित्रकारांचा हिशेब. आम्ही एक उभी व एक आडवी पट्टी घातली. दोन्ही मागे सरकवून, कापडापासून अर्धा इंच दूर. कोन न चिकटविता जीभ-खाचेचे केले. कोनास दोन याप्रमाणे आठ पाचरी आणि आडपट्ट्यांच्या टोकांना आणखी चार. चौकट काटकोनात आहे की नाही हे दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहिले. सूत सरळ पडावे म्हणून विनयात ‘मोघसुत्तक’ या आखणीच्या दोऱ्याची अनुज्ञा आहे, हे मी मिस्त्रींना सांगितले. “मग काय, आमचंच सूत की,” असे म्हणून त्यांनी आपल्या रंगवलेल्या दोऱ्याचे रीळ पुढे केले.

लोखंडी चुका गंजतात आणि गंज कापड खातो, म्हणून तांब्याच्या चुका वापरल्या. जुन्या भोकांनी कॅनव्हासची कड जर्जर झाली होती. चित्रकारांनी तिला मागून नव्या कापडाची पट्टी जोडली. येथेही कठिनाच्या झिजलेल्या कडेचा नियम आठवल्यावाचून राहिला नाही. चित्र उतरवलेले असताना कोणीतरी ते घडी घालून कपाटात ठेवावे असे सुचविले होते. ते वेळीच थांबविले. घडी पडली की रंग तडकतो. गुंडाळायचेच तर जाड नळीभोवती, रंगाची बाजू बाहेर ठेवून.

आजकाल छापील कॅनव्हास चौकटीवर चढवून तयार मिळतात आणि विहारांतून व घरांतून तथागतांची व बाबासाहेबांची चित्रे त्या स्वरूपात मोठ्या प्रमाणावर येतात. त्यांतील बऱ्याच चौकटी अंगठ्याएवढ्या जाडीच्या पट्ट्यांच्या आणि कोन पक्के केलेल्या असतात. हातभर चित्राला त्या चालतात. सभागृहाच्या मापाचे चित्र घेताना मात्र विक्रेत्याला ते उलटे करून दाखवावयास सांगावे आणि कोन, उतार व आडपट्टी या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात. यात संकोच कसला? देणगी देणाऱ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या भगिनी असतात.

नवी चौकट चढल्यावर चित्र भिंतीत पक्क्या बसविलेल्या दोन खुंट्यांवर टांगले आणि मागे हवा खेळावी म्हणून खालच्या कोनांना बुचाचे तुकडे लावले. पहिल्या पावसाळ्यात कॅनव्हास थोडा सैल झाला, तेव्हा समितीतील एका तरुणाने उत्साहाने पाचरी ठोकायला घेतल्या. चित्रकारांनी त्याला थांबवले. पावसाळ्यातली सैलाई हवा कोरडी झाली की बरीचशी आपोआप जाते. तेव्हाच घट्ट केले तर मार्गशीर्षात कापड फाजील ताणले जाऊन रंग तडकतो. दिवाळी उलटल्यावर पाहिले तर एकाच कोनाला हलका ठोका पुरला.

मिस्त्रींनी शेवटी एक गोष्ट आपण होऊन केली. पाचर निसटून कॅनव्हास आणि खालची पट्टी यांच्या मध्ये पडली तर तेथे कापडाला फुगवटा येतो, म्हणून त्यांनी प्रत्येक पाचरीला बारीक भोक पाडून ती दोऱ्याने चौकटीला बांधून टाकली. बारा पाचरी, बारा दोरे. आडपट्टीवर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे. तिच्याखाली पुढच्या ठोक्याची तारीख लिहायला जागा सोडली आहे.